तपकिरी डोळ्यांचा चतुर

धोंगडे सरांना तो चतुर पहिल्यांदा दिसला तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि काठावरून त्यांचे मामा जेवायला हाका मारून मारून कंटाळले होते.

शेखर धोंगडे आमच्या शाळेत गणित शिकवतात. शाळा देवळाली कॅम्पात, सर राहायला नाशिकरोडला. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो, आणि स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी असल्यामुळे त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळतात. ही मात्र घरच्यांना आधी कळली होती. किती आधी, ते पुढे येईलच.

पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो चार पंखांचा, लांब शेपटीचा किडा म्हणजे चतुर. सरांना त्याचा नाद लागला तो भूमितीमुळे. एकदा नववीच्या वर्गात खिडकीच्या जाळीत एक मेलेला चतुर अडकलेला होता. सरांनी तो काढून टेबलावर ठेवला, आणि तास संपला तरी ते त्याच्याकडेच बघत बसले. पंखाच्या मुळाशी शिरांनी आखलेला एक स्वच्छ त्रिकोण होता. पुढच्या पंखात आडवा, मागच्या पंखात उभा. "देशमाने, हे बघा," ते मला म्हणाले, "मी बावीस वर्षं फळ्यावर काढतोय, आणि हे महाशय घेऊन उडतायत." मग कॅमेरा आला, पुस्तकं आली. रविवारी दारणेच्या काठी नाहीतर घोटीकडच्या ओढ्यांवर सरांची फेरी ठरलेली. चतुर पाहणाऱ्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यातही ते शिरले.

खडकेवाडी हे त्यांचं आजोळ. घोटीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला, भातखाचरांचं गाव. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण कोंडाजीमामा अजून तिथे एकटेच राहतात. लग्न केलं नाही. दोन बैल, एक म्हैस आणि खाचरांच्या मागून वाहणारा ओहळ, एवढा त्यांचा संसार. ओहळ लहानच, पण झाडांच्या सावलीतून, गोट्यांवरून खळखळत येणारा. पाऊस उघडल्यावरच्या त्या दिवसांत पाणी इतकं नितळ असतं की तळाचा गोटा न् गोटा दिसतो.

सर सांगतात, आधी त्यांना सावलीतून काहीतरी गेल्यासारखं वाटलं. पाण्यापासून वीतभर उंचीवरून एक मोठा काळा चतुर सरळ रेषेत गेला, वळणाला दिसेनासा झाला आणि थोड्या वेळाने त्याच रेषेत परत आला. गस्त घालणाऱ्या शिपायासारखा. अंगावर पिवळे पट्टे. त्या भागात अशा पट्ट्यांचा एक चतुर नेहमी दिसतो, सरांनी त्याचे ढीगभर फोटो काढलेले आहेत. पण हा येऊन एका फांदीला लटकला तेव्हा त्याच्या शेपटीचं टोक सरांना खटकलं. नराच्या शेपटीला टोकाशी चिमट्यासारखे दोन आकडे असतात. नेहमीच्या चतुराचे ते आखूड आणि सरळ. याचे लांब होते आणि टोकाशी आत वळलेले.

"शेखर, भात गार झाला रं," मामा ओरडले.

"मामा, जरा गप्प बसा," असं सर आयुष्यात पहिल्यांदा मामांना म्हणाले. फोटो निघाले आणि चतुर गेला. सर ओल्या पँटनेच जेवायला बसले.

घरी येऊन त्यांनी सगळी पुस्तकं चाळली. कुठल्याच पानावरच्या चित्राशी तो जुळेना. ग्रुपचा नियम असा होता की वेगळं काही दिसलं तर पुस्तकाची भाषा न वापरता, स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच लिहायचं. सरांनी लिहिलं. आकार, उडण्याची रीत, शेपटीचे आकडे, पट्टे. आणि शेवटी, 'डोळे तपकिरी.'

सकाळी फोन उघडला तर खाली उत्तरं आली होती. राकेश नावाच्या एका कॉलेजच्या पोराने नम्रपणेच लिहिलं होतं, "सर, फोटो एकाचा आणि वर्णन दुसऱ्याचं झालंय का? फोटोत डोळे हिरवेगार आहेत." त्याखाली आणखी कोणीतरी, "हा फोटो तुम्हीच काढला आहे ना?" त्याखाली एक हसणारा चेहरा.

सरांनी फोटो मोठा करून पाहिला. डोळे तपकिरी. गुळाच्या रंगाचे, थोडे पिवळसर. त्यांना वाटलं पोरं थट्टा करतायत. शाळेत अशा थट्टा त्यांनी पुष्कळ पचवल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून अंजली बोलत होत्या. चतुरांवर वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या या बाई ग्रुपमध्ये फार बोलत नसत, म्हणून त्यांचा फोन आल्यावर सर उठून उभेच राहिले.

"सर, शेपटीचे फोटो फार महत्त्वाचे आहेत," त्या म्हणाल्या. "पण एक विचारते, रागावू नका. डोळ्यांचा रंग लिहिताना घाई झाली का?"

"नाही मॅडम. तपकिरीच आहेत."

 मग अंजलीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, घरात कोणी असेल तर त्यांना एकदा दाखवाल?"

सर फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यांची बायको चैताली डब्यासाठी पोळ्या लाटत होती.

"याचे डोळे कोणत्या रंगाचे दिसतात गं?"

तिने मान वळवून पाहिलं. "हिरवे."

"नीट बघ."

"अहो, हिरवेच. पोपटासारखे आहेत चांगले."

सरांनी मुलीला हाक मारली. आरोही दात घासत आली, फोनकडे पाहिलं आणि तोंडात फेस असतानाच "हिरवे" म्हणून परत गेली. सर हसले. त्यांना वाटलं, दोघींनी ठरवून केलंय. मग त्यांचं लक्ष चैतालीच्या चेहऱ्याकडे गेलं. ती हसत नव्हती. तिने लाटणं खाली ठेवलं होतं.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

"काय माहीत नव्हतं?"

"तुम्हाला हिरवा-लाल कळत नाही ते."

सर मला सांगत होते, त्या वाक्यानंतर तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला तरी दोघंही हलले नाहीत. चैतालीला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच कळलं होतं. सरांनी तिच्यासाठी हौसेने साडी आणली आणि म्हणाले, "तुला चॉकलेटी शोभेल." साडी गडद हिरवी होती. नव्या नवरीने काय बोलायचं? तिने साडी नेसली. मग हळूहळू ती त्यांचे शर्ट-पँट जोडीजोडीने एकाच हँगरला लावू लागली. "आणि मंडईत टोमॅटो आणायला मी तुम्हाला कधी पाठवलं, सांगा?" ती म्हणाली. "एकदा पाठवलं होतं. पिशवीभर कच्चे घेऊन आलात."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. आणि त्याबद्दल बोललेलं तुम्हाला आवडत नाही. बायकांनी तरी सगळंच बोलून दाखवावं का?"

त्या दिवशी सर शाळेत आले ते कोणीतरी कानशिलात मारल्यासारखे. दुपारच्या सुट्टीत मला म्हणाले, "देशमाने, रंगाचं मला फारसं कळत नाही, हे मी नेहमीच म्हणायचो. पुरुषांना कळतच नाही, असं सगळेच म्हणतात की. मला वाटायचं माझंही तसंच." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पुस्तकात ज्याला लाल चतुर लिहिलंय त्याला मी लाल म्हणत होतो. पुस्तक वाचून. आजवर एकाही चतुराचा रंग मी माझ्या डोळ्यांनी लिहिला नव्हता. हाच पहिला, कारण याचं पान कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही."

 मी विचारलं, "पण सिग्नलला?"

"वरचा लाल, खालचा हिरवा," सर म्हणाले. "तो तर पाठच आहे."

शनिवारी ते चैतालीला घेऊन नाशिकरोडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक पुस्तक समोर धरलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि ठिपक्यांतच लपवलेला आकडा. पहिल्या पानावरचे बारा सरांनी पटकन वाचले. पुढचं पान आलं. डॉक्टर थांबले. सर बघत राहिले.

"इथे काही नाही," सर म्हणाले.

मागे उभ्या असलेल्या चैतालीने श्वास ओढला. तो आवाज सरांना अजून आठवतो. तिला आकडा दिसत होता. पान उलटलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्या पानावर मात्र आकडा होता आणि सर सुटल्यासारखे म्हणाले, "एकवीस!"

"वहिनी, तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर," चैताली अगदी पुटपुटत म्हणाली.

जन्मभर ज्याने आकड्यांवर भाकरी कमावली, दोन आणि दोन चार हे जगात कोणीही कुठेही बसून मान्य करील असं ज्याने हजारो पोरांना सांगितलं, त्या माणसाच्या शेजारी त्याची बायको उभी होती आणि एकाच पानावर तिला दुसराच आकडा दिसत होता.  त्यांनी डॉक्टरांच्या हातून पुस्तक घेतलं, उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, चष्मा काढून पाहिलं. एकवीस. ते शेवटपर्यंत एकवीसच राहिलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा आजार नाही, जन्मापासूनची ठेवण आहे, वाढत नाही आणि बरीही होत नाही. पुष्कळ पुरुषांत असते आणि आईकडून येते. "तुमच्या आईच्या भावांमध्ये कोणाला असं होतं का?"

सर "माहीत नाही" म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र मध्येच थांबले आणि कठड्याला धरून राहिले. कोंडाजीमामा तरुणपणी रेल्वेच्या भरतीत निवडले गेले होते आणि मेडिकलला नापास झाले होते, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. का नापास झाले, हे सरांच्या आईनेही कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी आम्ही खडकेवाडीला गेलो. गाडी मीच चालवली, कारण सर म्हणाले, "आज माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही." घोटी मागे पडली. खाचरांमध्ये भात पोटरीला आलं होतं. मी ते हिरवंगार म्हणणार होतो, पण जीभ आवरली.

मामा ओट्यावर बसून दावं वळत होते. अंगाने सडपातळ, केस पांढरे, नजर अशी की समोरच्या डोंगरावर कोणाचं ढोर चरतंय ते बसल्या जागी सांगतील. चहा झाल्यावर सरांनी सरळच विचारलं.

"मामा, रेल्वेच्या मेडिकलला काय झालं होतं?"

मामांचा हात थांबला. "आज कशाला रं ते?"

"सांगा ना."

"काय सांगायचं? आमी दोघं गेलतो, म्या आन् सोमनाथ. एकाच आळीचे. धावण्यात म्या पयला. कागदं बरोबर. मंग डाक्टरनं एका खोलीत नेलं, काळोखात दिवे दाखवले, काय काय इचारलं. बाहेर आल्यावर म्हनला, आँख में दोष है. माझ्या डोळ्यात! तवा त्या पल्याडच्या कड्यावरचं मधाचं पोळं म्या हितून दावायचो." मामांनी दावं बाजूला टाकलं. "सोमनाथ लागला. म्या घरी. गावात काय काय उठलं. कोन म्हनं दमा हाय, कोन म्हनं वंगाळ रोग हाय, डाक्टर नाव घेत नाय म्हनून डोळ्याचं सांगितलं. वाडीवऱ्हेची सोयरीक ठरली व्हती. त्यांनी नारळ माघारी धाडला."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

"वाटायचं काय त्यात? सोमनाथच्या बापानं पैसं चारलं आन् माझं नाव खोडलं. म्या चावडीवर तोंडावर बोललो तसं. त्यानंतर त्यानं गाव सोडलं, घोटीत घर केलं. त्याचं तोंड म्या पाह्यलं नाय परत."

सरांनी खिशातून फोन काढला. डॉक्टरांच्या परवानगीने त्यांनी त्या पानांचे फोटो घेतले होते. ते मामांच्या शेजारी बसले, मी दुसऱ्या बाजूला. पहिलं पान.

"बारा," मामा म्हणाले.

दुसरं.

"ठिपके हायेत नुसते. काय पायचं यात?"

सरांनी पुढचं पान काढलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी चौऱ्याहत्तर पाहत होतो, इतकं ठळक की आंधळ्यालाही दिसावं.

"एकवीस," मामा सहज म्हणाले.

 धडधाकट, शहाणीसुरती दोन माणसं माझ्याशेजारी बसली होती, त्या दोघांना एकवीस दिसत होतं, आणि त्या क्षणी मला स्वतःचीच शंका आली.

सरांनी मग सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, आपल्यालाही कसं आहे, ते आजीकडून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे कसं आलं, आणि रेल्वेत लाल-हिरवा दिवा ओळखता आला नाही तर घेत का नाहीत. मामा ऐकत होते.  ऐकून झाल्यावर ते उठले, गोठ्यात गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"म्हंजी मला रोग नव्हता," ते म्हणाले.

"नाही मामा."

"आन् डाक्टर खोटं नाय बोलला."

"नाही."

मामा ओट्याच्या कडेला टेकले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंग सोमनाथनं कायबी केलं नव्हतं?"

  आम्ही आलो होतो एका माणसाच्या कपाळावरचा खोटा डाग पुसायला, आणि पुसता पुसता कळलं की तो माणूस जन्मभर दुसऱ्याला तसाच डाग लावून बसला होता. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात अंजलीबाई पुण्याहून आल्या. सरांनी त्यांना आपल्या डोळ्यांचं फोनवरच सांगून टाकलं होतं. त्यांनी अजिबात हळहळ व्यक्त केली नाही, एवढंच म्हणाल्या, "मग तुमच्या शेपटीच्या वर्णनावर माझा जास्त भरवसा आहे." आम्ही तिघं ओहळाच्या काठी बसलो. मामाही आले. ऊन झाडांतून खाली उतरलं आणि तो आला, त्याच सरळ रेषेत, पाण्यालगत. अंजलीबाईंनी जाळी अलगद फिरवली. माझा विश्वासच बसला नाही की इतक्या वेगाने जाणारी वस्तू माणसाच्या हाती लागते.

त्यांनी चारही पंख मिटून दोन बोटांत धरले, जसं आपण पुस्तकाचं पान धरतो. दुसऱ्या हातातलं भिंग शेपटीच्या टोकाशी नेलं. मग पोटाच्या खालच्या बाजूला, मग पंखांच्या मुळाशी. पुन्हा शेपटीशी. त्यांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. मग त्या तिथेच, ओल्या खडकावर, मट्कन बसल्या.

"मॅडम, बरं आहे ना?" सर पुढे झाले.

"सर, हा तो नेहमीचा नाही." त्यांचे डोळे भरले होते. "याला मी फक्त संग्रहालयाच्या पेटीत पाहिलंय. टाचणीला टोचलेला, शंभर वर्षांपूर्वीचा. पार दक्षिणेकडचा. हा जिवंत कुठे उडत असेल असं मला वाटलंच नव्हतं." मग भिंग सरांच्या हातात देत म्हणाल्या, "या खोऱ्यातले याचे दोन फोटो मला आधीही आले होते. पिवळे पट्टे, हिरवे डोळे बघितले आणि मी नेहमीचं नाव टाकून पुढे गेले. रंगाने पुढे बघूच दिलं नाही."

"मलाही वेगळं काय ते कळलं नव्हतं मॅडम," सर म्हणाले. "नुसतं टोक खटकलं."

मामा वाकून पाहत होते. "डोळं तर तपकिरीच हायेत की," ते म्हणाले.

"तेच तर मी म्हणतोय!" सर एकदम ओरडले, आणि कित्येक दिवसांनी हसले. अंजलीबाईही हसल्या. त्यांनी सांगितलं की चतुर मेला की त्याच्या डोळ्यांतला रंग उडून जातो, आणि त्या पेटीतल्या चतुराचेही डोळे आज तपकिरीच आहेत. हे डोळे जिवंतपणी हिरवे असतात, हे त्यांनाही हे फोटो येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मग त्यांनी हात उघडला. चतुर क्षणभर बोटावरच बसून राहिला आणि मग वळणाकडे निघून गेला.

लगेच काही जाहीर झालं नाही. अंजलीबाईंनी फोटो पाठवले, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले, आणखी दोन अभ्यासकांना विचारलं. या कामाला कित्येक महिने गेले. शेवटी नोंद पक्की झाली आणि तिच्यात पाहणाऱ्याचं नाव म्हणून शेखर धोंगडे छापून आलं. आमच्या मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी ते वाचून दाखवलं. सर खाली बघत उभे होते. ग्रुपमधल्या त्या हसऱ्या चेहऱ्याच्या मालकाने माफी मागितली. राकेश तर आता दर सुट्टीत खडकेवाडीला येतो. सरांनी शाळेत त्या डॉक्टरांना बोलावून सगळ्या पोरांचे डोळे तपासून घेतले. नऊ पोरांना एकवीस दिसलं. सरांनी त्यांच्या आईवडिलांना स्वतः भेटून सांगितलं, कोणाच्या घरी हे वीस वर्षं न बोलता राहू नये म्हणून.

पण मला जे सांगायचं आहे ते चतुर हाती लागला त्याच दिवशीचं. अंजलीबाईंना स्टेशनवर सोडायला आम्ही निघालो, तर मामा धोतर बदलून, टोपी घालून गाडीपाशी उभे.

"मला घोटीला सोडा," ते म्हणाले.

सोमनाथचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दार त्यांच्या बायकोने, धोंडाबाईंनी उघडलं. मामांना पाहून त्या दाराची कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आत कॉटवर एक जाड, थकलेले गृहस्थ पाय लांब करून बसले होते. पायांना सूज होती.

"कोन हाय गं?" त्यांनी विचारलं. मग त्यांना दिसलं. "कोंडा?"

मामांनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. "सोमनाथ, तू काय केलं नव्हतं. माझ्या डोळ्यातच खोट व्हती. मला आत्ता कळलं."

सोमनाथ बघतच राहिले. त्यांना समजायला वेळ लागला. सरांनी पुढे होऊन थोडक्यात सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरायला लागले. मला वाटलं आता ते रडतील. ते रडले नाहीत.

"माझा बाप लाच देनारा म्हनून मेला," ते म्हणाले. "तेच्या मयताला अर्धं गाव आलं नाय. तुझ्या एका शब्दानं. आन् तू आता येतो?"

"व्हय," मामा म्हणाले. "आता आलो."

"माझा बाप दोन एकरात राबायचा रं. तेच्याकडं कुनाला चारायला पैसं कुठलं?"

मामांनी मान खाली घातली. सर काही बोलायला गेले, तसा मी त्यांचा हात धरला. गल्लीत एक भाजीवाला ओरडत गेला. धोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. 

"आत ये," अखेर सोमनाथ म्हणाले. "उनात नको उभा राहू. पन म्या माफ केलं असं समजू नको."

"नाय समजत," मामा म्हणाले आणि उंबरा ओलांडून आत गेले.

धोंडाबाईंनी पाणी आणलं. आम्ही बाहेर गाडीत जाऊन बसलो. अंजलीबाईंची गाडी चुकली, पण त्या "पुढच्या गाडीने जाईन" एवढंच म्हणाल्या. आतून आवाज येत होते, कधी चढे, कधी काहीच नाही. एकदा सोमनाथांचा आवाज इतका वर गेला की सर दरवाजा उघडून उतरले. मग आवाज खाली आला.

मामा बाहेर आले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. ते पुढच्या सीटवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. गाडी बाजारातून बाहेर पडेपर्यंत समोर बघत राहिले.

"काय म्हणाले?" सरांनी मागून विचारलं.

"लय बोलला. बोलू दे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तेच्या पायाची सूज चांगली नाय. पोरगं मुंबईला, इथं बघनारं कोन नाय. देशमाने सर, तुमची गाडी मंगळवारी मोकळी असंल का? तेला नाशिकला मोठ्या डाक्टरला दाखवायचं हाय."

"येईल का ते तुमच्याबरोबर?" मी विचारलं.

"नाय म्हनला," मामा म्हणाले. "तरी गाडी घिऊन या."